बसतो म्हणजे जुळतो असे नाही : छोट्या एसयूव्हीचा टायर निवडताना



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता टायरवर बोलणार?" हो, टायरवरच बोलणार आहे. कारण प्रमाण म्हणजे काय, खात्रीचं ज्ञान कशाला म्हणावं, हे मी वर्गात तीस-पस्तीस वर्षं शिकवलं, आणि प्रत्यक्ष टायरच्या दुकानात उभा राहिलो तेव्हा सगळं विसरलो. ती चूक तुमच्याकडून होऊ नये, एवढाच या व्याख्यानाचा हेतू.

निवृत्तीनंतर मी एक जुनी, छोटी एसयूव्ही घेतली. लातूर-नांदेड ये-जा असते, गुडघे दुखतात, उंच गाडीत चढ-उतर सोपी जाते. वर्षभरात टायर गुळगुळीत झाले. मी काय केलं? वाकून जुन्या टायरवरचा आकडा वाचला, कागदावर लिहिला आणि दुकानात दिला. २१५/६५ आर १६. दुकानदाराने तेच चार नवे टायर बसवले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग सगळं झालं. गाडी थोडी उंच, दमदार दिसत होती. पुतण्या म्हणाला, "काका, मस्त दिसतीय!" मीही खूश.

पुढे दोन बारीक तक्रारी सुरू झाल्या. गाडी ॲव्हरेज थोडं कमी देऊ लागली, आणि स्टेअरिंग पूर्ण फिरवून गाडी वळवली की पुढून घर्र असा आवाज यायचा. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, चालायचंच.

मग मे महिन्यात लातूरहून नांदेडला निघालो. चाकूर, अहमदपूर मागे टाकलं आणि लोह्याजवळ पुढचं चाक पंक्चर झालं. पंक्चर काढणाऱ्या पोराने चाक उतरवलं, फिरवून आतली बाजू माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "बाबा, पंक्चरचं सोडा, हे बघा." टायरचा आतला खांदा घासून घासून कापला गेला होता. रबराच्या आतले धागे दिसत होते. मागच्या सीटवर माझी पत्नी आणि नात बसलेली. पुढच्या आठवड्यात त्याच टायरवर आम्ही जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढणार होतो, जिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या पोराने चाक फिरवून दाखवलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

त्याने दुसरं एक काम केलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि चौकटीवरचं स्टिकर दाखवलं. तिथे लिहिलं होतं : २१५/६० आर १६. म्हणजे आधीच्या मालकाने केव्हातरी साईज बदलली होती आणि मी ती बदललेली साईज प्रमाण मानून पुन्हा तीच विकत घेतली.

टायरचा साक्षीदार टायरच

आपल्या न्यायशास्त्रात एक दोष सांगितला आहे, आत्माश्रय. जी गोष्ट सिद्ध करायची, तिचाच आधार घेऊन ती सिद्ध करणं. "या गाडीला हा टायर बरोबर का? कारण या गाडीला हाच टायर आहे." मी नेमकं हेच केलं. गाडी नवी घेतली असेल आणि टायर कंपनीतून आलेले असतील, तर जुन्या टायरवरचा आकडा चालून जातो. सेकंडहँड गाडीत तो फक्त एवढंच सांगतो की आधीच्या मालकाने काय बसवलं.

तेव्हा पहिला नियम : आकडा टायरवरून घेऊ नका, दाराच्या चौकटीवरून किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेतून घ्या. न्यायशास्त्राच्या भाषेत हे शब्दप्रमाण. ज्याने गाडी बनवली, तो इथे आप्त. दुसऱ्याच्या गाडीवरूनही ठरवू नका, कारण एकाच नावाच्या गाडीत दोन साईज असतात. २०२० मध्ये आलेल्या क्रेटाचं घ्या : खालच्या प्रकारांना २०५/६५ आर १६, वरच्यांना २१५/६० आर १७. "क्रेटाला कोणता टायर?" हा प्रश्नच अपुरा आहे. तुमच्या गाडीचा प्रकार कोणता, रिम कोणतं, हे त्यात यायला हवं.

आकडा वाचायचा कसा

आता २१५/६० आर १६ ९५ एच ही अक्षरं उलगडू. गंमत अशी की एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापं एकत्र बसली आहेत.

२१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची, पण ती मिलिमीटर नाही. ती रुंदीच्या ६० टक्के. हा आकडा स्वतंत्र नाही, तो एक संबंध आहे. रुंदी बदलली की तोच ६० वेगळी उंची सांगतो. बहुतेकांची फसगत इथेच होते. आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचात.

९५ हा भाराचा निर्देशांक. तो किलो नाही, तक्त्यातला क्रमांक आहे. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. टी असेल तर १९०. आता तुम्ही म्हणाल, आपल्याला कुठे २१० ने जायचंय? बरोबर आहे. पण वेगाचं अक्षर टायर उष्णता किती सोसतो याच्याशी बांधलेलं आहे, आणि उष्णता हा आपल्या मराठवाड्याचा विषय आहे. म्हणून भार आणि वेग ही दोन्ही मानकं स्टिकरवर आहेत त्यांपेक्षा खाली आणायची नाहीत. वर गेलं तर चालेल.

शाळेतलं गणित

आता अनुमान, म्हणजे हिशेब. चाकाचा पूर्ण व्यास म्हणजे रिमचा व्यास अधिक दोन वेळा टायरच्या बाजूची उंची. वर एकदा, खाली एकदा.

१६ इंच गुणिले २५.४ म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. २१५ चे ६० टक्के १२९, त्याची दुप्पट २५८. बेरीज ६६४.४ मिलिमीटर. ही कंपनीने ठरवलेली साईज.

मी बसवलेली : २१५ चे ६५ टक्के १३९.७५, दुप्पट २७९.५. बेरीज ६८५.९. फरक साडेएकवीस मिलिमीटर, म्हणजे ३.२ टक्के.

दोन सेंटिमीटरने काय होतं? माझ्या दोन्ही तक्रारी त्यातच होत्या. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच हिशेबाने मोजतं. शंभर किलोमीटर गेलो तर मीटर ९७ च्या आसपास दाखवतं. मी पेट्रोल भागून ॲव्हरेज काढायचो, ते कमीच येणार. आणि काटा १०० वर असताना गाडी १०३ ने जात असते. कंपन्या काटा मुळात थोडा जास्त दाखवणारा ठेवतात, ती सोय मोठ्या टायरने खाऊन टाकली. दुसरी गोष्ट, मडगार्डच्या आत जागा मोजकीच असते. चाक पूर्ण वळलं की ते आतल्या अस्तराला लागत होतं. तोच घर्र आवाज, आणि तोच तो कापलेला खांदा.

दुकानात तीन टक्क्यांचा ठोकताळा सांगतात, तेवढा फरक चालतो म्हणे. मी सांगतो, तीन टक्के हा विहिरीचा काठ आहे. काठावर उभं राहता येतं म्हणून कोणी तिथे खाट टाकत नाही.

आवश्यक आणि पुरेसं

तर्कशास्त्रात आपण दोन अटी वेगळ्या करतो. आवश्यक अट आणि पुरेशी अट. रिमचा व्यास जुळणं ही आवश्यक अट आहे. १६ च्या रिमवर १७ चा टायर बसणारच नाही. पण ती पुरेशी अट नाही. दुकानदार म्हणतो, "सर, बसतंय की!" त्याचं खोटं नसतं. टायर रिमवर बसतो. तो गाडीशी जुळतो का, हा प्रश्न वेगळा आहे.

रुंदीचंही तसंच. पुष्कळ तरुणांना २३५ चे रुंद टायर हवे असतात. २३५/६० आर १६ ला रिमची रुंदी किमान साडेसहा इंच लागते. तुमचं रिम सहा इंची असेल तर टायर त्यावर चिंबल्यासारखा बसतो. शिवाय व्यास ६८८.४, म्हणजे माझ्यापेक्षाही मोठा. आणि रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हे पावसाळ्यात लक्षात ठेवा.

मग मोठं रिम घातलं तर? २१५/५५ आर १७ चा हिशेब करा. व्यास ६६८.३ येतो, फरक जेमतेम अर्धा-पाऊण टक्का. गणित जुळलं. पण टायरच्या बाजूची उंची १२९ वरून ११८ वर आली. ही उंची म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली उशी. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर ती अकरा मिलिमीटर उशी मोलाची असते. गणित बरोबर असूनही निवड चुकीची असू शकते, ती अशी.

हवा, ऊन आणि ओझं

साईज बरोबर निवडली तरी काम संपत नाही. ६९० किलो हा भार टायर पेलतो तो योग्य हवेवर. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त वाकते, वाकून तापते, आणि मे महिन्यातला डांबरी रस्ता आधीच तापलेला असतो. त्यात गाडीत पाच माणसं आणि मागे तुरीचं पोतं. टायर फुटण्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्या मागे बहुतेकदा कमी हवा, जास्त ओझं आणि वेग हे त्रिकूट असतं. स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

दुकानात पैसे देण्याआधी दोन गोष्टी पाहा. आयएसआय चिन्ह आहे का, आणि तारखेचे चार अंक. २३२४ लिहिलं असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. न वापरलेला टायरही पडून पडून म्हातारा होतो. माझ्यासारखाच.

श्रोत्यांचे प्रश्न

एका भगिनींनी विचारलं, "सर, पैसे दोनच टायरचे असतील तर?" दोन घ्या, पण एकाच धुरीवर घ्या, साईज तीच ठेवा, आणि नवे मागे टाका. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी आवरणं जास्त अवघड जातं.

एका तरुणाने विचारलं, "स्टेपनी बारीक आहे, ती कायमची चालेल का?" नाही. काही गाड्यांत स्टेपनी मुद्दाम लहान दिलेली असते आणि तिच्यावरच वेगाची मर्यादा लिहिलेली असते. ती पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती.

शेवटचा प्रश्न होता, "टायर बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?" नक्षीच्या खाचांमध्ये मध्ये मध्ये रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. पण माझं ऐकाल तर टायरची आतली बाजूही बघा. स्टेअरिंग पूर्ण वळवा, खाली वाका, हात फिरवा. प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण, आणि मी तेच सगळ्यात शेवटी वापरलं, तेही दुसऱ्याच्या हातून.

आज घरी गेल्यावर गाडीचं दार उघडून स्टिकर वाचा आणि टायरवरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.