पंगत आणि घरचा कुत्रा

आमच्या कोळवणासारख्या मुळशीच्या खेड्यांत पुष्कळ घरीं कुत्रा असतो. आणि पानें मांडलीं कीं तो उंबरठ्याशीं येऊन प्रत्येकाच्या हाताकडे टक लावून बसतो. त्याला हाकलणारे पुष्कळ. पण ही खोड लावतो कोण, हें फारसें कोणी पाहत नाहीं.

कुत्र्यास अन्न द्यावें, हें शास्त्रहि सांगतें. वैश्वदेवांत श्वानबलि आहे. परंतु तो गृहस्थाच्या भोजनापूर्वीं, भूमीवर ठेवावयाचा. जेवतां जेवतां ताटांतला घास फेकणें म्हणजे बलि नव्हे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं १९३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत उंदरांवरील प्रयोग दिले आहेत. कळ दाबल्यावर दर वेळीं नव्हे, तर मधूनमधून ज्यांना अन्न मिळे, ते उंदीर अन्न बंद झाल्यावरहि दीर्घकाळ कळ दाबीत राहिले. एकत्र कुटुंबांत नेमकें हेंच घडतें. नऊ जण कडक राहतात, एकट्या आजीबाई कळवळून तुकडा टाकतात. कुत्र्याच्या आशेला तेवढें पुरतें.

शिवाय कांदा, लसूण, मनुका व बेदाणे कुत्र्यास विषासमान होत. तेव्हां शिऱ्याचा घासहि दया ठरत नाहीं.

म्हणून सर्वांनीं एकच नियम पाळावा, असें आम्हांस वाटतें. पंगतीपूर्वीं कुत्र्याला अंगणांत जेवूं घालावें. मग त्याच्याकडे पाहूं नये, रागावूंहि नये. पहिले कांहीं दिवस तो अधिकच केकाटेल. त्या वेळीं घास दिला, तर केकाटण्यास फळ येतें, एवढेंच तो शिकेल. आजीबाईंची दया मात्र मोडूं नये; त्याचें भांडें भरण्याचें काम त्यांच्याकडेच द्यावें.