पिवळ्या पानाचा फोटो

सोयाबीनचं एक पिवळं पान आणि खाली दोनच शब्द : ‘काय मारू?’ जुलै-ऑगस्टमध्ये शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर असे फोटो येत असतात आणि बघता बघता उत्तरंही येतात. कोणी फेरस सल्फेट सांगतो, कोणी एकोणीस-एकोणीस-एकोणीस, कोणी पांढऱ्या माशीचं औषध. सांगणारे सगळे अनोळखी, कोणी लातूरचा, कोणी वाशीमचा. असा सल्ला घेणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. अनोळखी माणूस खूप उपयोगी पडू शकतो. मात्र कोणाचं ऐकायचं हे ठरवायची एक खूण आहे : उत्तर देण्याआधी त्याने उलट काय विचारलं?

त्या पानाचंच बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असं पान लोह कमी पडलं तरी दिसतं आणि मॅग्नेशियम कमी पडलं तरी दिसतं. फरक झाडावरच्या जागेचा आहे. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहज सरकत नाही, म्हणून आधी शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात. मॅग्नेशियम जुन्या पानांतून निघून नव्या पानांकडे जातं, म्हणून आधी खालची पानं जातात. तोडून हातात धरलेल्या पानाचा फोटो नेमकी हीच गोष्ट लपवतो. त्यात जमीन चुनखडीची असेल, तर लोह मातीत असूनही पिकाला उचलता येत नाही. रानात आठवडाभर पाणी साचलं असेल, तर मुळं गुदमरलेली असतात. तिथे आधी पाणी काढून वापसा आणायचा, औषध नंतर. आणि पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे असतील, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला मोझॅक विषाणू असू शकतो. रोगट झाड कुठल्याच फवारणीने बरं होत नाही, ते उपटावंच लागतं. म्हणून ‘पान शेंड्याचं की बुडाचं? जमीन कशी? पाणी साचलंय का?’ असं विचारणारा माणूस पाच छातीठोक उत्तरांपेक्षा मोलाचा.

यावर कोणी म्हणेल, मग थेट तज्ज्ञालाच का विचारू नये? राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, कृषी विज्ञान केंद्रं आहेत, 2004 पासून किसान कॉल सेंटरही आहे. जरूर विचारावं. पण कृषी सहायकाकडे अनेक गावं असतात, आणि घाईच्या वेळी सर्वांत जवळचा सल्लागार उरतो तो कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. रोग ओळखणारा आणि औषध विकणारा एकच असतो, ही त्या सल्ल्याची मोठी अडचण आहे. दूरच्या शेतकऱ्याला आपल्याला काही विकायचं नसतं. (गटात कंपन्यांची माणसंही असतात, पहिल्याच वाक्यात ब्रँडचं नाव आलं की सावध व्हावं.) शिवाय त्याने ते पाहिलेलं असतं, जे आपल्या शिवारात अजून आलेलंच नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये मांडलं होतं, की नवी माहिती बहुधा जवळच्या माणसांकडून नाही, तर जुजबी ओळखीच्यांकडून येते, कारण जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. 2018 साली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी आधी कर्नाटकात सापडली आणि मग आपल्याकडे पोचली. अशा वेळी शेजारच्या रानात विचारून काय कळणार?

खरा आक्षेप वेगळा आहे : सल्ला चुकला, तर भोगणार कोण? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, तोंडावर धड फडकंही नसणं, अशी कारणं तेव्हा पुढे आली. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्यामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. वेलीची वाढ रोखायला ते सर्रास वापरलं जात होतं. म्हणून मला इथे रेघ ओढावीशी वाटते. रोग ओळखायला, शंका तपासायला गट चांगला. औषध कोणतं, किती आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं, हे मात्र डब्यावरच्या लेबलवरून आणि आतल्या माहितीपत्रकावरूनच ठरवावं. तिथला मजकूर फार बारीक असतो, ही तक्रार रास्त आहे. तरी गटावरचं ‘पंपाला 30 मिली’ त्याहून धोक्याचं आहे. सांगणाऱ्याचा पाठीवरचा हातपंप 15 लिटरचा असतो आणि ऐकणाऱ्याकडे पेट्रोलवरचा असतो. त्याला एकरी पाणी कमी लागतं, त्यामुळे सगळा हिशेबच बदलतो.

गटांत आणखी एक उणीव आहे आणि ती भरून काढणं अवघड नाही. उत्तर मिळताच ‘धन्यवाद दादा’ लिहून माणूस निघून जातो. पान हिरवं झालं की झाड वाळलं, हे कोणालाच कळत नाही, आणि चुकीचं उत्तर पुढच्या हंगामात तितक्याच आत्मविश्वासाने परत येतं. गट चालवणाऱ्यांनी दोन नियम करावेत. फोटो टाकताना तालुका, जमीन, पेरणीची तारीख, आधीची फवारणी लिहायची आणि अख्खं झाड, शेंडा, पानाची खालची बाजू असे वेगवेगळे फोटो द्यायचे. दहा दिवसांनी त्याच प्रश्नाखाली काय झालं ते सांगायचं. एवढी नोंद हाताशी असली, की तीच कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञालाही पाठवता येते. त्यालाही आधी हेच विचारायचं असतं.