शीत न दिसणारं रक्त

मासवणला सूर्या नदीकाठच्या भातखाचरांत अनवाणी खेळणारं पोर फिकट पडलं, की आपण आधी त्याच्या खाण्याला दोष देतो. खोट कधी आतड्यात असते. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीत शिरते, पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. एका जातीचा एकच जंत दिवसाला 0.2 मिलिलिटरपर्यंत रक्त घालवतो. शी मात्र नेहमीसारखीच! म्हणून हिमोग्लोबिनबरोबर शीची तपासणी हवी: सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी आणि गुप्त रक्ताची चाचणी. वर्षाच्या आतल्या बाळाला गाईचं दूध पाजल्यानेही असं रक्त जाऊ शकतं, हे फारसं कुणी सांगत नाही. रक्त वाढावं म्हणून दिलेल्या लोहाच्या औषधाने शी काळपट होते, त्याला घाबरू नका. डांबरासारखी चिकट काळी असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी अंगणवाडीत फुकट मिळते, ती चुकवू नका.