आधी ऐकून घ्या

सणसर-भवानीनगर परिसरात आशाताई व अंगणवाडीसेविका घरोघरी जातात. म्हणून मनाच्या आजाराची पहिली चाहूल त्यांना लागू शकते. झोप उडणे, जेवण तुटणे, "जगून काय करू?" असे बोलणे, ही बाहेरची बाधा नव्हे. प्रशिक्षणाचा हेतू निदान करणे हा नसून ओळखणे, ऐकून घेणे व दवाखान्यापर्यंत सोबत जाणे हा आहे. जीव द्यावासा वाटतो का, असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते. तिला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत. तेव्हा घरच्यांनी घटना लपवू नये. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक अहोरात्र चालू असतो. प्रत्येक कार्यकर्त्याने तो वहीत लिहून ठेवावा.