धापा टाकत धरलेला नेम

दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे ५ आणि ७ क्रमांकाचे गट आहेत आणि जवळच नानवीजला बलाचे प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे दौंड-शिरूर पट्ट्यात पहाटे रस्त्याकडेने धावणारी भरतीची पोरे हे नेहमीचे दृश्य. या बलाच्या मैदानी चाचणीत १०० पैकी ५० गुण एकट्या ५ किलोमीटर धावण्याला असतात; उरलेले १०० मीटर धाव आणि गोळाफेकीत विभागलेले. रायफल हाती येते ती निवड झाल्यावर. दमसास पायांचा आणि नेम हाताचा, दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, असे यामागे नकळत धरलेले असते. त्यातच नेम ही थंड डोक्याच्या माणसाची उपजत देणगी, हा समजही पक्का. प्रत्यक्षात दमलेल्या शरीराने नेम साधणे हे वेगळेच कौशल्य आहे आणि ते कमवावे लागते. बायथलॉन या हिमखेळातून ते फार स्पष्ट दिसते.

स्कीवरून जीव तोडून पळायचे, मध्येच थांबून .२२ रायफलीने ५० मीटरवरची पाच लक्ष्ये टिपायची आणि पुन्हा पळायचे, असा हा खेळ. पोटावर झोपून टिपायच्या लक्ष्याचा व्यास ४५ मिलिमीटर, उभ्याने टिपायच्या लक्ष्याचा ११५. स्प्रिंट शर्यतीत प्रत्येक चुकीला १५० मीटरचा जादा फेरा, म्हणजे वीसेक सेकंदांचा फटका. इटलीच्या लष्करी क्रीडा पथकातला डॉमिनिक विंडिश २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये या शर्यतीत तिसरा आला. सुवर्णविजेता जर्मनीचा आर्न्ड पायफर त्याच्यापुढे होता जेमतेम ७.७ सेकंदांनी. पायफरची एकही गोळी चुकली नव्हती, विंडिशची एक चुकली होती. पायांनी कमावलेले एका गोळीने घालवले. 

ही एक गोळी चुकते कशी? झोपून मारताना नेम लक्ष्याच्या मध्यापासून साडेबावीस मिलिमीटर हलला की गोळी वाया. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण मीटरभर अंतर धरले, तर तेवढ्यासाठी टोक अर्धा मिलिमीटरही हलावे लागत नाही. साधा श्वासही नळी याहून जास्त हलवतो. स्थिर नेमबाजीत यावर वेळ हा उपाय असतो. पॅरिसमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेला दहा गुणांसाठी अवघे १०.४ मिलिमीटरचे वर्तुळ गाठायचे असते. पण तो शांत नाडीने, श्वास जुळवून घोडा दाबू शकतो. नाडी मिनिटाला १७० असेल तर दोन ठोक्यांत जेमतेम ०.३५ सेकंद उरतात. ठोका चुकवून गोळी झाडण्याची चैन तिथे परवडत नाही.

मग बायथलॉनपटू करतात काय? अमेरिकी संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रमाची तीव्रता वाढली तरी झोपून मारलेल्या गोळ्यांवर फारसा परिणाम झाला नाही. उभ्याने मात्र रायफल डगमगू लागली आणि नेम बिघडला. याचा अर्थ, धाप स्वतः नेम बिघडवत नाही. धाप लागलेली असताना शरीर रायफलीला किती आधार देऊ शकते, यावर सारे ठरते. जोन विकर्स आणि मार्क विल्यम्स यांच्या २००७ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. दमछाक पराकोटीची आणि मनावर ताणही असताना ज्यांनी घोडा दाबण्यापूर्वी नजर लक्ष्यावर जास्त वेळ रोखली, त्यांचा नेम टिकला.

हे खेळाडू मुळातच निवडक, त्यांच्यावरून सर्वसामान्यांचा निष्कर्ष कसा काढायचा, हा आक्षेप रास्त आहे. विकर्स यांचा नमुनाही मोजक्याच खेळाडूंचा होता. पण आधार आणि नजर या दोन्ही गोष्टी शिकवता येण्याजोग्या आहेत, आणि उपजत शांतपणावर सारे अवलंबून असते तर बायथलॉनपटूंना धावून आल्यावर लगेच गोळ्या झाडण्याचा सराव करावाच लागला नसता. जवानाला बंदोबस्त करायचा असतो, शर्यत जिंकायची नसते, असेही कोणी म्हणेल. पण गोळी झाडायची की नाही हे ठरवण्याची वेळ त्याच्यावर पळापळीनंतरच येण्याची शक्यता जास्त, आणि तिथल्या चुकीची भरपाई १५० मीटरच्या फेऱ्याने होत नाही. शिरूरच्या उसात शिरलेल्या बिबट्याला बेशुद्ध करायला गेलेल्या वनकर्मचाऱ्याचेही तेच.

राहिला साधनांचा प्रश्न. ना इथे बर्फ, ना गावोगाव रायफली. पण बर्फ हा या कौशल्याचा गाभा नव्हेच. मॉडर्न पेंटॅथलॉनमधल्या लेझर-रनमध्ये खेळाडू धावून येतात आणि १० मीटरवरच्या लक्ष्यावर गोळीविना लेझर पिस्तुलाने नेम साधतात. भरतीच्या निकषांना हात न लावताही प्रशिक्षणात एवढे करता येईल: धाव सकाळी आणि फायरिंग दुपारी असे वेगळे न ठेवता काही सराव धाव संपताक्षणी, आधी झोपून आणि मग उभ्याने घ्यायचा, आणि दमण्यापूर्वीच्या व नंतरच्या गुणांतली तफावत प्रत्येकाच्या नावापुढे मांडायची. कोणाच्या पायांवर अजून काम हवे आणि कोणाच्या पवित्र्यावर, ते त्या आकड्यावरून उस्तादांना कळेल.