पाषाणाखालचा सातारा

औंधच्या मूळपीठाच्या डोंगरावर यमाईच्या दर्शनाला जाताना आजूबाजूचे डोंगर नीट पाहावेत. काळ्या पाषाणाचा उभा कडा, त्याखाली मऊ खडकाचा उतार, पुन्हा कडा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरत गेले, त्यांचेच हे थर. दख्खनचा हा बेसाल्ट आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापून आहे.

डोंगर आपली रचना दाखवतो ती पायथ्यापर्यंतच. त्याखाली पाषाण किती जाड आहे, तो कशावर टेकला आहे, त्याला भेगा कुठे आहेत आणि पाणी कुठे साठते, हे डोळ्यांना दिसत नाही. सातारा जिल्ह्याला हे प्रश्न दोन बाजूंनी भिडतात. पश्चिमेला भूकंप आणि पूर्वेला दुष्काळ. दोन्हींचा शोध आता आकाशातूनही घेता येतो.

कोयनेचा धडा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसर ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. धरणात पाणी साठायला १९६२ मध्ये सुरुवात झाली होती. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत हा जगातला सर्वांत मोठा मानला जातो. त्यानंतर कोयना-वारणा पट्ट्यात लहानमोठे धक्के बसतच राहिले आणि तेही साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या टापूतच. म्हणून भूकंपाच्या उगमाजवळ खोल छिद्र घेऊन खडकाचा अभ्यास करायचे ठरले.

छिद्र कुठे घ्यायचे हे ठरवण्यासाठी आधी जमिनीखालचा नकाशा हवा होता. हा मुलूख कडे, दऱ्या, दाट जंगल आणि पसरलेले जलाशय यांचा. उपकरणे पाठीवर घेऊन चालत मोजमाप करायचे तर कित्येक जागी पाऊलही ठेवता येत नाही. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने येथे हवाई सर्वेक्षण झाले. त्यात गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक आणि खडकांचे चुंबकत्व मोजले गेले. लेसर किरणांच्या साह्याने, झाडीच्या आड लपलेल्या भूपृष्ठाचे चढउतारही टिपले गेले.

यामागचे तत्त्व सोपे आहे. बेसाल्ट जड, त्याखालचा ग्रॅनाइट त्या मानाने हलका. पाषाणाची जाडी बदलली की गुरुत्वाकर्षण किंचित बदलते. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिजही असते. लाव्हा थंड होताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात कायमची कोरली गेली. दख्खनच्या अनेक थरांत ती आजच्या उलट आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात या उलट्या चुंबकत्वाचा अभ्यास केला. हवाई आकड्यांचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरून चालत नाही. सूर्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दिवसभरातही हलत असते. विमान उडत असताना जमिनीवरचे एक उपकरण तो बदल नोंदवते आणि नंतर तो वजा केला जातो. असा बदल अलिबागची वेधशाळा १९०४ पासून टिपत आली आहे.

आकाशातून मिळतो तो अंदाज. त्याची परीक्षा जमिनीतच होते. कोयना परिसरात छिद्रे घेतल्यावर दिसले की बेसाल्ट संपताच थेट ग्रॅनाइट आणि नाइस हे खडक लागतात, मध्ये गाळाचा खडक नाही. गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. तिथे एकट्या बेसाल्टची जाडी साधारण सव्वा किलोमीटर भरली. या संशोधनासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली आहे.

पूर्वेकडची तहान

घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस खटाव, माण आणि जिल्ह्याशेजारच्या आटपाडीपर्यंत येताना आटतो. जुन्या औंध संस्थानाचा बराचसा मुलूख याच पर्जन्यछायेत होता. येथे सारी भिस्त विहिरीवर आणि बोअरवर. विहीर खणणाऱ्याला मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण हे थर हाताच्या अनुभवाने ओळखता येतात. सलग काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ नसते. ते झिजलेल्या, सच्छिद्र किंवा भेगाळलेल्या थरात साठते. असा थर कुठे सलग आहे आणि कुठे तुटतो, हे एका विहिरीवरून कळत नाही. म्हणून शेतकरी कर्ज काढून एकामागून एक बोअर घेतो आणि धूळ उडालेली पाहतो.

यासाठी हेलिकॉप्टरची वेगळी पद्धत आहे. हेलिकॉप्टरखाली तारेचे मोठे कडे टांगतात. त्यातून वीज सोडून ती एकदम बंद करतात. त्यामुळे जमिनीत क्षणभर प्रवाह निर्माण होतात. ते ज्या वेगाने विझतात, त्यावरून शे-दोनशे मीटर खोलीपर्यंतच्या थरांचा विद्युतरोध कळतो. कोरड्या घट्ट पाषाणाचा रोध जास्त असतो, ओल्या थराचा कमी. केंद्रीय भूजल मंडळाने राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या मदतीने देशात सहा ठिकाणी या पद्धतीचा पथदर्शी प्रयोग केला. त्यात नागपूर जिल्ह्यातला एक भागही होता.

ही पद्धत पाणी थेट दाखवत नाही. चिकणमातीचा रोधही कमीच असतो आणि विजेच्या तारांजवळ नोंदी बिघडतात. म्हणून प्रत्येक नकाशा गावातल्या विहिरींशी ताडून पाहावाच लागतो. पण अंधारात बोअर घेण्यापेक्षा असा ताडलेला नकाशा कितीतरी भरवशाचा.

खटाव, माण आणि आटपाडीचे असे सर्वेक्षण व्हायला हवे आणि त्याचे नकाशे मराठीत, गटनंबरासह ग्रामसभेपुढे यायला हवेत. औंध संस्थानाने १९३९ मध्येच राज्यघटना करून कारभार गावांच्या पंचायतींकडे सोपवला होता. आपल्या पायाखालच्या पाण्याची माहिती मिळणे हाही या गावांचा हक्क आहे. तोवर एक काम आपल्याच हातात आहे. विहीर किंवा बोअर घेताना किती फुटांवर कोणता थर लागला आणि पाणी कुठे लागले, हे वहीत लिहून ठेवा आणि ती वही ग्रामपंचायतीत द्या. उद्या हेलिकॉप्टर आले, तर त्याच्या नकाशाची खरी कसोटी याच नोंदींवर लागेल.