हरणें वाढलीं, रान खंगलें

वन्य प्राण्यांचें रक्षण करावयाचें म्हणजे शिकाऱ्यास अडवावयाचें आणि हिंस्र श्वापदें मारावयाचीं. मग गरीब हरणें सुखानें नांदतील, अशी समजूत पुष्कळ काळ होती. एवढ्यासाठीं विश्वविद्यालयांत शिकावयाचें तें काय, असें कोणासहि वाटेल. अमेरिकेंतील कैबाब पठाराची हकीकत ह्या शंकेचें उत्तर देते.

ॲरिझोना संस्थानांतील ह्या पठारावर १९०६ सालीं हरणांसाठीं राखीव रान झालें. शिकार बंद झाली. सरकारी माणसांनीं लांडगे, प्यूमा आणि कोयोट मारले. हरणांचे कळप वाढत गेले. तोंड पोहोंचेल तेवढा पाला त्यांनीं ओरबाडला, आणि १९२५ च्या आसपासच्या हिंवाळ्यांत तीं उपासमारीनें मेलीं. बंदुकीपासून वांचलेलें हरिण भुकेपासून वांचलें नाहीं.

ऑल्डो लिओपोल्ड हे वनाधिकारी तरुणपणीं स्वतः लांडगे मारावे ह्याच मताचे होते. पुढें त्यांचें मत पालटलें. १९३३ सालीं विस्कॉन्सिन विश्वविद्यालयानें त्यांस वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनाचे प्राध्यापक नेमलें. अमेरिकेंतील अशी ती पहिलीच जागा होती. त्यांच्या शिकवण्यांत प्राण्याआधीं भूमि येई: माती कोणती, तण कोणतें, आसरा कोठें, आणि हें रान किती तोंडें पोसूं शकेल? जीव आणि त्याचें घर यांच्या ह्या संबंधाच्या अभ्यासालाच इकॉलॉजी म्हणतात.

परंतु खरी विद्या आपल्या आवडत्या दाखल्याचीहि परीक्षा घेते. १९७० सालीं ग्रॅम कॉली ह्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, कैबाबच्या हरणांचे आंकडे निव्वळ अंदाजी होते. शिवाय त्याच काळांत तेथील मेंढ्या व गुरेंहि घटलीं होतीं, म्हणून हरणांस चारा अधिक मिळाला असावा. सारा दोष श्वापदांच्या संहारावर टाकतां येत नाहीं. म्हणूनच आजच्या विद्यार्थ्यास वनस्पतिशास्त्राबरोबर संख्याशास्त्रहि शिकावें लागतें. रानांतील प्रत्येक प्राणी मोजतां येत नाहीं; थोड्या जागेंतील मोजणीवरून साऱ्या रानाचा हिशेब कसा काढावा, आणि त्यांत चूक किती संभवते, हें त्यास सांगतां आलें पाहिजे. भारतांत १९८२ सालीं देहरादून येथें भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली, आणि ह्या विद्येचें उच्च शिक्षण येथेंहि मिळूं लागलें.

प्राण्यांविषयीं दया हवीच. परंतु कैबाबवर दया होती, हिशेब नव्हता. आणि त्याची किंमत हरणांनींच मोजली.